स्टिअरिंग बॉक्स बदलायच्या आधी एकदा गाडीखाली जा

2006 चा पिकअप, पॉवर स्टिअरिंग नाही, पुढे पाटे आणि सरळ ॲक्सल, स्टिअरिंग चार बोटं फिरेपर्यंत चाक जागचं हलत नाही आणि गॅरेजवाला म्हणतो की स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारा गिअरचा डबा) गेला, नवा टाका. तुम्ही सांगितलंय ते इतकंच. एवढ्यावर मी तरी बॉक्स बदलणार नाही. आणि बॉक्सवरचा तो ढिलाई काढायचा स्क्रू आवळून 'बघू' असं कुणी म्हणालं, तर त्यालाही आधी थांबवा.

हे मी पैसे मोजून शिकलोय. अशाच तक्रारीवर एकाने माझ्या गाडीचा तो स्क्रू चांगला एक फेरा आवळून दिला. अंगणात स्टिअरिंग एकदम घट्ट, मी खूश. दुसऱ्या दिवशी टोमॅटो भरून नारायणगावला निघालो, तर चंदनापुरी घाटात पहिल्याच मोठ्या वळणावर स्टिअरिंग परत येईना. वळण संपलं तरी गाडी वळतेच आहे, हाताने ओढून सरळ करावी लागली. समोरून एसटी येत होती, बाकी काही सांगत नाही. पुढे कळलं की बॉक्स ठीकच होता. तो चॅसीला धरणारे बोल्ट ढिले होते आणि ड्रॅग लिंकचा (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) एक जॉइंट संपला होता.

आधी प्ले, म्हणजे चाक हलायच्या आधी स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते, मोजून घ्या. चाकं सरळ ठेवा, स्टिअरिंगच्या कडेला खडूची खूण करा, पुढचं चाक हलायला लागेपर्यंत दोन्ही बाजूंना फिरवा आणि खूण किती सरकली ते टेपने बघा. चार बोटं म्हणजे 7-8 सेंमी. 40 सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगवर ते 20-23 अंश होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 तीस अंशांपर्यंत प्ले चालवून घेतो, म्हणजे त्याच स्टिअरिंगवर जवळपास 10 सेंमी! तेव्हा फिटनेस मिळाला म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्या गाडीत दोन-अडीच सेंमीच्या वर गेलं की मी खाली शिरतो.

आता खरी तपासणी. यासाठी गाडी जॅकवर घेऊ नका, हीच चूक बहुतेक जण करतात. चाक अधांतरी असलं की जॉइंटवर जोर येत नाही आणि ढिला जॉइंटही शहाण्यासारखा वागतो. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, मागच्या चाकांना दगड. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, झटके द्यायचे नाहीत. तुम्ही टॉर्च घेऊन खाली. स्टिअरिंगपासून सुरुवात करा आणि हालचाल कुठे मरते ते शोधत चाकापर्यंत या. खालच्या शाफ्टचा क्रॉस (तुकडे जोडणारा सांधा) फिरतो, पण त्याच्या पुढचा तुकडा उशिरा फिरतो? मग दोष तिथेच. बॉक्समध्ये जाणारी दांडी फिरते पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला ढकलणारा हात) थांबून हलतो, तर बॉक्समध्ये प्ले आहे. आर्म लगेच हलतो पण ड्रॅग लिंक उशिरा, तर मधला जॉइंट गेला. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा: जॉइंटवर बोट असं ठेवा की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. टिचभर खेळही लगेच कळतो. बोट मात्र कशात चेपणार नाही ते बघा.

याच वेळी दुसरा हात बॉक्सवर ठेवा. बॉक्सच चॅसीवर हलत असेल तर बोल्ट आवळा आणि आजूबाजूचा पत्रा घासून स्वच्छ करून तडा बघा. जास्त ओझं वाहिलेल्या गाड्यांत तिथे तडा सापडू शकतो, आणि तडा असेल तर आधी त्याचं काम. पाट्यांचे यू बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) बुशही हलवून बघा. ते ढिले असले की ॲक्सलच सरकतो, आणि आपण उगाच स्टिअरिंगला शिव्या देतो.

आता जॅक लावा, पण ॲक्सलखाली लाकडी ठोकळे टाकल्याशिवाय खाली जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती उभी पिन). बाजूबाजूने धरून हलल्यास बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट.

टाय रॉड एंड बदलायचा असेल तर जुना काढताना किती फेरे फिरले ते मोजा आणि नवा तितकेच फेरे बसवा. एका बाजूला उलटे आटे असतात, ते लक्षात नसलं की माणूस पान्यावर लटकतो आणि नट आणखी आवळत जातो. टेपर (एंडचा आर्ममध्ये बसणारा निमुळता बोल्ट) सुटत नसेल तर बोल्टच्या डोक्यावर मारू नका. नट दोन-चार आटे ठेवून ढिला करा आणि आर्मच्या डोळ्याला (टेपर बसतो त्या भोकाच्या कडेला) दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोड्या मारा, टक्कन सुटतो. बसवताना स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळा, जुळवण्यासाठी मागे फिरवू नका. पिन नवी घ्या, दहा-वीस रुपयांत काटकसर नको.

एवढं सगळं ठीक असेल आणि ड्रॉप आर्मच उशिरा हलत असेल, तरच बॉक्सकडे वळा. आधी तेल बघा, साध्या बॉक्समध्ये बहुतेक ईपी 90 गिअर ऑइल असतं. खालच्या सीलमधून गळून तो कोरडा झालेला असू शकतो. मग चाकं अगदी सरळ ठेवून स्क्रू फिरवायचा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते म्हणून झीज मधोमध होते, आणि बॉक्सची बनावटच अशी की मधोमध तो सगळ्यात घट्ट असतो. चाकं वळवून ठेवून प्ले काढलात तर सरळ आल्यावर बॉक्स जाम होतो. लॉकनट ढिला करा, स्क्रू पाव फेऱ्याच्याही निम्मा आवळा, स्क्रू धरून ठेवून लॉकनट कसा. ड्रॅग लिंक सुटी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मधे अडखळलं तर स्क्रू थोडा मागे घ्या. दोन-तीनदा असं करूनही प्ले जात नसेल, किंवा प्ले काढला की मधे जड होत असेल, तर आतले भाग झिजलेत. तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं तेव्हा मान्य करा.

टाय रॉडला हात लागला असेल तर त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातील. आणि पहिली फेरी रिकाम्या गाडीने गावातच मारा: वळण घेऊन स्टिअरिंगवरची पकड किंचित सैल करा, ते आपसूक सरळ यायला हवं. येत नसेल तर माल भरू नका.