अटॅचमेंटचा मेल आला की आउटलुक (मेलचा प्रोग्राम) बंद पडतं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल. मारू का?

नका मारू. उद्या दुकानदार मशीन न्यायला येणार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हातातलं काम टाकून उत्तर देतोय.

आमची पावसला हापूसची बाग आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, आउटलुक उघडलं की पाच-सात सेकंदांत बंद पडायला लागलं. मुंबई-पुण्याच्या सगळ्या ऑर्डरी मेलवर. खोलीत पेंढ्याच्या अढ्या लागलेल्या, पेट्या भरायला माणसं उभी, आणि कुणाला किती डझन पाठवायचे ते त्या बंद पडणाऱ्या खिडकीत. रत्नागिरीहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने दोनदा उघडून पाहिलं, "विंडोज गेलंय" म्हणाला आणि सीडी घातली. मी विचारलं, मेल राहतील ना? म्हणाला, "मेल सर्व्हरवर असतात हो."

नव्हते. आमचं खातं पॉपचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घेणारं. मेल उतरून पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची फाइल) साठायचे आणि ती फाइल सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स फोल्डरात. ती पुसली गेली. पाच हंगामांची गिऱ्हाइकं, त्यांचे पत्ते, तक्रारी, सगळं. सर्व्हरवर उरले फक्त शेवटच्या चौदा दिवसांचे मेल, कारण आउटलुक २०१० ची मूळ सेटिंगच तशी.

संध्याकाळी साडेसातला नवं विंडोज, नवं आउटलुक, तोच अँटीव्हायरस. चौदा दिवसांचे मेल उतरले आणि आउटलुक पुन्हा बंद!

रात्री मी एकटा बसलो. कंट्रोल दाबून धरून आउटलुकच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं, सेफ मोडमध्ये उघडू का असं त्याने विचारलं, हो म्हटलं. उघडलं आणि चालू राहिलं. सर्वांत वर एका गिऱ्हाइकाचा मेल. आंब्यात साका (आतला गर खराब होणं) निघाला म्हणून कापलेल्या फोडींचे अकरा फोटो, फोनवरून काढलेले तसेच, मेलच्या मजकुरातच चिकटवलेले. उत्तर मिळत नाही म्हणून बिचाऱ्यांनी तोच मेल तीनदा पाठवला होता. आउटलुक उघडलं की वरचा मेल आपोआप निवडला जायचा, रीडिंग पेन (निवडलेला मेल दाखवणारी बाजूची चौकट) ते फोटो दाखवायला जायचं आणि त्याच वेळी अँटीव्हायरसचं अ‍ॅड-इन (आउटलुकला जोडलेला छोटा प्रोग्राम) त्यांची तपासणी करायला धावायचं. तिथे सगळं कोसळायचं. सेफ मोडमध्ये रीडिंग पेन आणि अ‍ॅड-इन दोन्ही बंद असतात. मग नेहमीसारखं चालू करण्याआधी अ‍ॅड-इन सगळी काढली आणि एकेक परत लावत गेलो. तिसऱ्याला बंद पडलं, तेच हे.

दादा आजही म्हणतो, "स्वस्तातलं मशीन घेतलंस, मग असंच होणार." तेच मशीन पुढे सहा हंगाम चाललं. मशीनचा काही दोष नव्हता.

तुम्हीही आधी सेफ मोडच करून बघा. तिथे चाललं तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्समध्ये जाऊन एकेक तपासा, आणि व्ह्यूमधून रीडिंग पेन बंद ठेवा. सेफ मोडमध्येही पडलं तर पीएसटी खराब झाली असेल. तिची प्रत काढा आणि प्रतीवर स्कॅनपीएसटी (आउटलुकसोबत येणारं पीएसटी दुरुस्त करायचं साधन) चालवा. फार जुनं आउटलुक असेल, २००२ किंवा त्याआधीचं, तर पीएसटी २ जीबीला पोचली का तेही बघा, तिथे तिची हद्द संपते. कामाची अटॅचमेंट आली त्याच दिवशी फोल्डरात काढून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. मेलबॉक्स म्हणजे कोठार नव्हे.

हे सगळं जुन्या, क्लासिक आउटलुकबद्दल. नव्या आउटलुकमध्ये ही अ‍ॅड-इन चालतच नाहीत. खातं आयमॅपचं असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणारं, तर सर्व्हरवरचे मेल परत उतरतात, त्यामुळे आमच्या दुरुस्तीवाल्याचं "मेल सर्व्हरवर असतात" हे तुमच्या बाबतीत खरंही असेल. आणि मेल अनोळखी माणसाचा असेल तर अटॅचमेंट उघडून बघायचा हट्ट धरू नका, वेबमेलमधून (ब्राउझरमध्ये मेल उघडून) तो मेल थेट काढून टाका.

तरीही मशीन द्यायचंच ठरलं तर आउटलुक बंद करून पीएसटी आज रात्रीच बाहेर काढा. पेनड्राइव्ह फॅट३२ चा (फाइल साठवण्याची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणार नाही, तो आधी एनटीएफएसमध्ये (विंडोजची नवी पद्धत) करून घ्या.