व्याकरणाचा तास वेगळा, कवितेचा वेगळा: नववी-दहावीला इंग्रजीचा सराव कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बीडजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवता. ‘व्हॉइस बदला’ म्हटलं की पोरं झटक्यात बदलून देतात, पण स्वतःचं एक वाक्य धड लिहीत नाहीत, आणि कवितेचं रसग्रहण गाइडातून जसंच्या तसं उतरवतात. दोन्हींचा सराव कसा घ्यावा, असं विचारलंय. मी परभणीकडे हेच वर्ग शिकवतो. माझं मत असं की या दोन गोष्टींचे तास वेगळे ठेवूच नका. व्याकरण कवितेतल्या वाक्यावरच घ्या. कवीनं वाक्य असंच का केलं हे विचारलं की रसग्रहण आपोआप सुरू होतं.

निसिम इझिकेल यांची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ घ्या. पाठ्यपुस्तकात असो नसो, एक तास त्यासाठी काढा. भाषा सोपी आहे, आणि विंचू म्हणजे काय हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात चप्पल झटकून पायात घालायची, कडब्याच्या गंजीत बघून हात घालायचा, हे सगळ्यांना घरूनच माहीत असतं.

कवितेच्या पहिल्याच वाक्यात आईला विंचू चावल्याचं येतं, पण क्रियापद आहे ‘वॉज स्टंग’. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: ‘अ स्कॉर्पियन स्टंग माय मदर’ आणि ‘माय मदर वॉज स्टंग बाय अ स्कॉर्पियन’. पोरं लगेच म्हणतील, पहिलं अॅक्टिव्ह, दुसरं पॅसिव्ह. तिथं थांबू नका. विचारा, घटना एकच आहे, मग कवीनं दुसरंच का घेतलं? थोडा वेळ वर्ग गप्प राहतो, राहू द्या. कुणीतरी म्हणतंच, ‘सर, पहिल्यात विंचू आधी येतो.’ मग पुढचा प्रश्न: कविता विंचवाची की आईची?

आता वहीत दोन रकाने आखायला लावा, एकात कर्ता, दुसऱ्यात क्रियापद. शेजारी येतात, देवाचं नाव घेतात, विंचू शोधतात, पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणतात. वडील एरवी बुद्धिवादी, पण त्या रात्री पाला, पूड सगळं करून बघतात. पायाच्या बोटावर रॉकेल ओतून काडीसुद्धा लावतात. मांत्रिक मंत्र म्हणतो. रकाना भरत जातो आणि आईच्या नावापुढं तळमळणं, कण्हणं एवढंच उरतं. ती बोलते फक्त शेवटी, तेही पोरं वाचली म्हणून देवाचे आभार मानायला. ‘मदर स्पीक्स ओन्ली वन्स’ असं वाक्य एखाद्या मुलीनं लिहिलं, तर ते व्याकरणानं बरोबर आहे आणि रसग्रहणही आहे. गाइडातल्या पानभर मजकुरापेक्षा मला ते जास्त आवडेल.

त्याच कवितेत पास्ट परफेक्टही सापडतो. दहा तासांच्या पावसानं विंचवाला तांदळाच्या पोत्याखाली रेटलेलं असतं, क्रियापद ‘हॅड ड्रिव्हन’. आधी पाऊस, मग विंचू, हा क्रम काळातून कळतो. शिवाय वाक्यात कर्ता पाऊस आहे, विंचू नाही. म्हणजे तो काही मुद्दाम आलेला नाही. त्याला सैतान ठरवतात ते शेजारी.

रूपक शिकवायचं तर शेजारी पैठणच्या नाथांचं विंचवाचं भारूड ठेवा. तिथला विंचू म्हणजे काम-क्रोध, इझिकेल यांचा विंचू खराखुरा नांगीवाला. ‘मेटाफर’ची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे लवकर डोक्यात शिरतं.

स्वतःची वाक्यं लिहायला घरचाच विषय द्या. तुमच्या भागात दिवाळीच्या सुमारास कितीतरी पोरांचे आईवडील ऊसतोडीला जातात. ‘माय फादर वेंट टू सांगली’ आणि ‘माय फादर हॅज गॉन टू सांगली’ यांत फरक काय, हे त्या पोरांना विचारा. गेले होते आणि गेलेत, अजून तिकडंच आहेत. नियमाचं कोष्टक न मांडता ते सांगतील. कुणाला घरचं वर्गात सांगायचं नसेल तर मात्र आग्रह धरू नका, दुसरं वाक्य द्या.

लांब वाक्याला पोरं घाबरतात. त्यासाठी रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’तली पस्तिसावी कविता बघा, 1912 च्या इंग्रजी पुस्तकातली. अख्खी कविता एकच वाक्य आहे. ‘व्हेअर’नं सुरू होणारी उपवाक्यं एकामागून एक येतात आणि मुख्य वाक्य थेट शेवटच्या ओळीत. मराठीत आपण ‘जिथे अमुक, तिथे तमुक’ असंच बोलतो, त्यामुळे ही रचना पोरांना परकी वाटत नाही. मुख्य वाक्य शोधायला लावा, मग त्याच साच्यात गावावर लिहायला सांगा. ‘व्हेअर द टॅप रन्स एव्हरी डे, व्हेअर द बस कम्स ऑन टाइम, देअर लेट मी लिव्ह’ असलं काहीतरी येतं. वर्ग हसतो, पण उपवाक्य पक्कं होतं.

मार्कांचं म्हणाल तर रसग्रहणात शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना हे सगळं लागतं, ते सोडून चालणार नाही. पण ‘द पोएट हॅज युज्ड सिंपल लँग्वेज’ या वाक्यावर माझ्या वर्गात बंदी आहे, कारण ते कुठल्याही कवितेखाली चालतं. यमकाचंही तसंच. विंचवाच्या कवितेला ठरावीक यमक नाही, तरी पोरं सवयीनं ‘एए बीबी’ लिहून मोकळी होतात. यमक नाही, हेही उत्तर असतं, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगून टाका.

तपासताना त्या दिवशी फक्त क्रियापद बघा. ‘अ’ आणि ‘द’चे घोळ, स्पेलिंग, सगळं दुसऱ्या दिवशी. एकाच वेळी सगळ्यावर लाल पेन फिरवला की पुढच्या तासाला वही परत गाइडाच्या भाषेत येते.