मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेची पीडीएफ करतोय. लोक ती मोबाइलवर वाचतील, काही घरी ए४वर छापतील. फोटो किती डीपीआयचे ठेवू? (इंदूर)

छापताना फोटो ज्या मापाचा दिसणार त्या मापाला ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल) ठेवा. घरच्या प्रिंटरसाठी २०० सुद्धा चालतात, १५०च्या खाली जाऊ नका. मी इथे इंदूरलाच मंडळांच्या स्मरणिकांची जुळणी करतो, आणि घोटाळा नेहमी एकच: डीपीआयचा आकडा बघतात, पिक्सेल मोजत नाहीत. पानावर फोटो ४ इंच रुंद हवा असेल तर ४ गुणिले ३००, म्हणजे १२०० पिक्सेल रुंदी लागते. पूर्ण ए४ पानाला २४८० बाय ३५०८. फोटोशॉपमध्ये ७२चे ३०० केले म्हणून नवा तपशील येत नाही, उगाच फाइल फुगते.

आजोबांच्या काळातला २ इंची फोटो ४ इंचांवर छापायचा असेल तर स्कॅनच ६०० डीपीआयवर करा. मोडी कागद किंवा जुनी निमंत्रणपत्रिका निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेणार असाल, तर तिलाही ६००च, नाहीतर अक्षरांच्या कडा करवती दिसतात. सभासदांकडून फोटो व्हॉट्सअॅपवर मागवाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा (निम्मे लोक तरीही साधाच पाठवतील, पुन्हा मागा). वर्डमधून पीडीएफ करताना 'मिनिमम साइज' निवडू नका.

फाइल फारच जड झाली तर फक्त मोबाइलसाठी १५० डीपीआयची दुसरी प्रत काढा. मात्र प्रेसमध्ये छापणार असाल तर आधी प्रेसवाल्यालाच विचारा.