वाचकांचे प्रश्न : ठरवून आलेली तारीख आणि योगायोगाने आलेली तारीख

प्रश्न : आमच्या शाळेत रोज फळ्यावर दिनविशेष लिहिला जातो. १५ ऑगस्टच्या नोंदी गोळा करताना दक्षिण कोरिया आणि काँगो (ब्राझाव्हिल) यांचा स्वातंत्र्यदिनही हाच असल्याचे आढळले. योगी अरविंदांचा जन्म आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचा मृत्यू हेही याच तारखेचे. या घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे, की हा निव्वळ योगायोग आहे? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : काहींचा संबंध आहे आणि तो बराच घट्ट आहे, काहींचा मुळीच नाही. भारत आणि कोरिया यांच्या तारखांचे मूळ एकाच घटनेत सापडते. १५ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी सम्राट हिरोहितो यांचे ध्वनिमुद्रित भाषण जपानी रेडिओवरून ऐकवण्यात आले आणि युद्ध आपण हरलो आहोत हे त्यांच्या प्रजेला समजले. १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियाची त्यामुळे सुटका झाली. म्हणूनच एरवी कशावरही एकमत नसलेले उत्तर आणि दक्षिण कोरिया हा मुक्तिदिन मात्र एकाच तारखेला पाळतात. पुढे दक्षिणेत नव्या प्रजासत्ताकाची घोषणा करायची वेळ आली, तेव्हा १९४८ मध्ये मुद्दाम हाच दिवस निवडण्यात आला.

त्या युद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सर्वोच्च सेनापती होते लॉर्ड माउंटबॅटन. ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटली यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये भारतातील सत्तांतरासाठी जून १९४८ ही मुदत जाहीर केली होती. व्हाइसरॉय म्हणून आलेल्या माउंटबॅटन यांनी ती जवळजवळ दहा महिने अलीकडे आणली. आणि नेमका १५ ऑगस्टच का, तर जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता म्हणून, असे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. एका सेनापतीच्या विजयाची आठवण कोट्यवधी लोकांच्या पदरात अशी पडली. या घाईची किंमत फाळणीच्या आखणीत दिसते. सीमा आखण्यासाठी नेमलेले सर सिरिल रॅडक्लिफ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भारतात पोहोचले, त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते, आणि त्यांचा सीमानिवाडा जाहीर झाला तो १७ ऑगस्टला. म्हणजे १५ तारखेला झेंडे फडकत असताना पंजाब आणि बंगालमधील कित्येक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हेच अधिकृतपणे ठाऊक नव्हते.

याच संदर्भात विद्यार्थी हमखास विचारतात तो प्रश्न पाकिस्तानच्या १४ ऑगस्टचा. ब्रिटिश संसदेच्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्ट हीच तारीख होती आणि पाकिस्तानने जुलै १९४८ मध्ये काढलेल्या टपाल तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ असेच छापलेले आहे. कराचीतील सत्तांतराचा समारंभ माउंटबॅटन यांच्या उपस्थितीत १४ तारखेला उरकला होता. पुढे पाकिस्तानने तोच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून स्वीकारला.

काँगोचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही. फ्रान्सने ऑगस्ट १९६० मध्ये आपल्या आफ्रिकी वसाहतींना एसटीच्या वेळापत्रकासारखे ओळीने स्वातंत्र्य दिले : १ तारखेला दाहोमी, ३ ला नायजर, ५ ला अप्पर व्होल्टा, ७ ला आयव्हरी कोस्ट, ११ ला चाड, १३ ला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, १५ ला काँगो आणि १७ ला गॅबन. या रांगेत काँगोच्या वाट्याला १५ तारीख आली, एवढेच.

अरविंदांचा जन्म १८७२ चा, तेव्हा तो योगायोगच म्हणावा लागेल. स्वतः अरविंदांनी मात्र तो तसा मानला नाही. आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रासाठी दिलेल्या संदेशात, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी देश स्वतंत्र व्हावा यात त्यांनी ईश्वरी संमती पाहिली. ही त्यांची श्रद्धा आहे. फळ्यावर ती त्यांच्या नावाने लिहावी, इतिहासाच्या नावाने नव्हे. महादेवभाईंचे निधन १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, अटकेनंतर अवघ्या सहा दिवसांत झाले. त्यांची आणि कस्तुरबांची समाधी तेथे शेजारी शेजारी आहे. गांधीजींनी १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस दिल्लीतील सोहळ्यापासून दूर, कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागात उपवास, प्रार्थना आणि सूतकताई यांत घालवला. तो महादेवभाईंचा पाचवा स्मृतिदिनही होता, ही नोंद दिनविशेषात सहसा दिसत नाही, पण असायला हवी.

आपल्या यादीत नसलेली एक ठरवून साधलेली तारीख सुचवतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने सिंधुदुर्गच्या सीमेला लागून असलेल्या, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले, त्यांत बांद्याजवळच्या पत्रादेवी येथे पडलेले पंजाबचे कर्नैल सिंग होते. येथे दिवस निवडण्यामागचा हेतू उघड होता : जी तारीख भारताची, ती गोव्याचीही.

प्रश्न : लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले आणि असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. टिळकांच्या निधनामुळे गांधीजींनी हा दिवस निवडला काय?

उत्तर : नाही. खिलाफतीच्या प्रश्नावर १ ऑगस्टपासून असहकार सुरू होईल, हे आधीच जाहीर झालेले होते आणि त्या दिवशी हरताळ पाळण्याचे आवाहनही झाले होते. टिळकांचे देहावसान मुंबईच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यानंतर झाले, त्यामुळे ठरलेला हरताळ आणि शोक एकमेकांत मिसळून गेले. गांधीजी मुंबईतच होते आणि अंत्ययात्रेत त्यांनी खांदा दिला. चळवळ आणि टिळकांचे नाव यांचा जाणीवपूर्वक जोडलेला संबंध नंतरचा आहे. १९२१ मध्ये एक कोटी रुपयांच्या उद्दिष्टाने उभारलेला टिळक स्वराज्य फंड हा तो संबंध. टिळक गेले त्याच १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. तो शुद्ध योगायोग असला, तरी आज महाराष्ट्रात दोघांचे स्मरण एकाच दिवशी होते.

प्रश्न : शेक्सपिअर आणि सर्व्हांतिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले, हे खरे काय? शिवराज्याभिषेकाच्या तारखेबद्दलही असाच काही घोळ आहे असे ऐकले.

उत्तर : तारीख एक मानली तरी दिवस एक नव्हता. स्पेनने १५८२ मध्येच सुधारलेली ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती. इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर चालत राहिले. त्यामुळे शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. शिवाय सर्व्हांतिसचे निधन २२ तारखेला झाले आणि २३ हा त्याच्या दफनाचा दिवस, असेच आता मानले जाते. तरीही १९९५ मध्ये युनेस्कोने जागतिक पुस्तक दिनासाठी २३ एप्रिलच निवडला, आणि त्यात काही बिघडलेले नाही.

शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख याच जुन्या इंग्रजी गणनेची आहे. समारंभाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन हीच गणना वापरत होता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी आजच्या दिनदर्शिकेनुसार १६ जूनला येते. १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही तशीच दहा दिवसांनी पुढे, म्हणजे १ मार्चला जाते. गोव्याचे पोर्तुगीज मात्र नव्या गणनेने तारखा घालत. तेव्हा त्या काळातील सुरतेच्या इंग्रज वखारीचे पत्र आणि गोव्याच्या व्हाइसरॉयचे पत्र शेजारी ठेवून वाचताना आधी हे दहा दिवस जुळवून घ्यावेत. १७०० च्या मार्चपासून १७५२ पर्यंतच्या कागदांसाठी तेच अंतर अकरा दिवसांचे होते.