शंका-समाधान : ‘सहन करणे’ आणि इंग्रजीतली डझनभर क्रियापदे

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या विमा-विभागात काम करते आणि रुग्णांच्या वतीने विमा कंपन्यांना इंग्रजीत पत्रे लिहिते. शब्दकोशात ‘सहन करणे’ पाहिले, की ‘बेअर’, ‘सफर’, ‘एन्ड्युअर’, ‘टॉलरेट’, ‘अंडरगो’ असे शब्द ओळीने दिलेले असतात. त्यांतला कोणता कुठे वापरायचा हे उमगत नसल्याने मी सर्रास ‘फेस’ लिहिते. ‘द पेशंट फेस्ड अ सर्जरी’ हे माझे वाक्य वरिष्ठांनी खोडले, पण कारण सांगितले नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : वाक्य खोडले ते योग्यच झाले. ‘फेस’ म्हणजे तोंड देणे. संकट समोर उभे आहे एवढेच हे क्रियापद सांगते. माणूस त्यातून पार पडला की नाही, याविषयी ते मौन पाळते. म्हणूनच ‘द पेशंट इज फेसिंग सर्जरी’ हे वाक्य शुद्ध असले, तरी त्याचा अर्थ शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे असा होतो, आणि झालेल्या खर्चाचा दावा करणाऱ्या पत्रात तो अर्थ चांगलाच महागात पडू शकतो. शस्त्रक्रिया झाली असेल तर ‘अंडरवेंट’ लिहावे.

हे ‘अंडरगो’ शब्दकोशकारांनी ‘सहन करणे’च्या रांगेत बसवले आहे खरे, पण त्यात वेदना असलीच पाहिजे असे नाही. कर्त्यावर काहीतरी केले जाते, एवढीच त्याची अट आहे. रुग्ण तपासणी ‘अंडरगो’ करतो, नवा कर्मचारी प्रशिक्षण ‘अंडरगो’ करतो, पूलसुद्धा दुरुस्ती ‘अंडरगो’ करतो. आपल्याकडच्या निकालपत्रांत ‘सेन्टेन्स्ड टू अंडरगो रिगरस इम्प्रिझनमेंट’ हे शब्द ठरलेले असतात. तिथे मराठीत आपण सक्तमजुरी ‘भोगणे’ म्हणू, ‘सहन करणे’ म्हणणार नाही.

आपल्या कामात सर्वाधिक लागणारे क्रियापद ‘सफर’ आहे आणि त्याची दोन रूपे वेगळी ठेवावी लागतात. मधुमेह, दमा, संधिवात असे अंगात मुरलेले दुखणे असेल तर ‘सफर फ्रॉम’. एकदाच बसलेला तडाखा असेल, म्हणजे हृदयविकाराचा झटका, अस्थिभंग, आर्थिक नुकसान किंवा निवडणुकीतला पराभव, तर ‘फ्रॉम’ गळते : ‘ही सफर्ड अ हार्ट अटॅक’. अपघातातल्या जखमांसाठी पोलिसी आणि विम्याच्या कागदांत ‘सस्टेन्ड इन्जरीज’ हा प्रयोग रूढ आहे. आजारासाठी मात्र ‘सस्टेन’ वापरत नाहीत. जाता जाता सांगायचे तर, 1611 सालच्या इंग्रजी बायबलात येशू ‘सफर लिटल चिल्ड्रेन’ म्हणतो, तेव्हा तो मुलांना माझ्याकडे ‘येऊ द्या’ असे सांगत असतो. हा जुना अर्थ आता व्यवहारातून गेला आहे.

‘बेअर’ आणि ‘स्टँड’ ही झेपण्याची क्रियापदे आहेत, त्यामुळे ती बहुधा ‘कान्ट’ला चिकटून येतात : ‘शी कान्ट बेअर द पेन’. खर्च, जबाबदारी, तोटा यांच्यासोबत मात्र ‘बेअर’ होकारार्थीही चालते. विमा कंपनी न देणारी रक्कम रुग्ण सोसणार असेल, तर ‘द पेशंट विल बेअर द बॅलन्स अमाउंट’ हेच वाक्य हवे. ‘टॉलरेट’ एरवी दुसऱ्याचे न पटणारे वागणे खपवून घेण्यासाठी असते. पण डिस्चार्ज कार्डावर ‘टॉलरेटेड द प्रोसीजर वेल’ असे लिहिलेले आपण पाहिले असेल. तिथे रुग्णाच्या धीराचे कौतुक नसते. प्रक्रिया शरीराला मानवली, काही बाधा झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. नातेवाइकांना सांगताना हा फरक ध्यानात ठेवावा. ‘एन्ड्युअर’मध्ये दीर्घकाळ चिवटपणे सोसणे आहे. दुष्काळाविषयीच्या लेखात ते शोभेल, दाव्याच्या पत्रात ते भरजरी वाटेल. ‘कोप’बाबत एकच सूचना : ते ‘कोप विथ’ असे लिहावे, आपल्याकडे मध्ये घुसलेले ‘अप’ काढून टाकावे.

आता ‘फेस’च्या मोहाविषयी. मराठीत अडचण माणसाकडे येते : ‘मला अडचण आली’, ‘तिला त्रास झाला’. इंग्रजी वाक्य बहुधा माणसालाच कर्ता करते आणि त्याच्या हाती क्रियापद देते, म्हणून आपण हाताशी असलेले ‘फेस’ उचलतो. माझ्या मते यांतल्या निम्म्या वाक्यांत साधे ‘हॅव’ पुरते : ‘शी हॅड फीवर फॉर थ्री डेज’. जिथे ‘फेस’च हवे, तिथे ‘आय अ‍ॅम फेसिंग धिस प्रॉब्लेम सिन्स टू डेज’ असे न लिहिता ‘आय हॅव बीन फेसिंग धिस प्रॉब्लेम फॉर टू डेज’ असे लिहावे.

प्रश्न : इंग्रजी निधनवार्तेत ‘ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय हिज वाइफ अँड टू सन्स’ असे असते. गेलेल्या माणसाविषयी ‘इज’ कसे? (एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली)

उत्तर : ‘सर्व्हाइव्ह’ म्हणजे एखाद्या संकटातून वाचणे, तसेच एखाद्या व्यक्तीच्या मागे जिवंत राहणे. इथे जगणारी पत्नी आणि मुलगे आहेत, वाक्य कर्मणी असल्याने मृत व्यक्ती आरंभी आली आहे आणि मागे राहिलेली माणसे आज हयात असल्याने वर्तमानकाळ योग्य आहे. आपल्या ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे असा परिवार आहे’ या वाक्यातही ‘आहे’च असते. दोन्ही अर्थी हे क्रियापद थेट कर्म घेते, म्हणून ‘सर्व्हाइव्ह्ड फ्रॉम द अ‍ॅक्सिडेंट’ न लिहिता ‘सर्व्हाइव्ह्ड द अ‍ॅक्सिडेंट’ लिहावे.