सिंधूने आवाज बंद केला नसता

पत्र:
ताई, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, वय ६१. आमच्या बायकांच्या वाचन ग्रुपमध्ये या महिन्यात एक खेळ होता. चिठ्ठीत जुन्या शोकांत नाटकातलं एक पात्र यायचं आणि ते आज असतं तर त्याने टीव्हीवर, फोनवर काय बघितलं असतं यावर पाच मिनिटं बोलायचं. मला गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू आली, दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकरची बायको. मी मनापासून बोलले की सिंधूने स्वतःसाठी काहीच लावलं नसतं, सुधाकर जे बघेल ते ती शेजारी बसून बघत राहिली असती, तेच तिचं सुख. तर एक नवीन सून उठली आणि म्हणाली, काकू, तिने क्राईमच्या सीरियल बघितल्या असत्या आणि नवऱ्याच्या प्याल्यात काय घालायचं ते शिकून घेतलं असतं. सगळ्या खो खो हसल्या, टाळ्या पण तिलाच. मला फार लागलं. अशा बाईची टिंगल करतात का? मी मागासलेली नाही हो, मीसुद्धा रोज रात्री हे झोपले की स्वयंपाकघरात बसून कोरियन सीरियल बघते, आवाज बंद करून, खालचं वाचत. इयरफोन घालत नाही, ह्यांनी पाणी मागितलं तर ऐकू यायला पाहिजे. आमचे हे अगदी निर्व्यसनी, देवमाणूस. तर ग्रुपमध्ये मी हा विषय काढू का? आणि बरोबर कोण, मी का ती?

उत्तर:
वहिनी, सिंधूचं नंतर बघू. आधी ते इयरफोनचं.

कोरियन सीरियल बहुतेक सोळा भागांची असते, एकेक भाग तासाभराचा. म्हणजे सोळा तास तुम्ही एका माणसाला प्रेमात पडताना बघता, पावसात छत्री धरून उभा असलेला बघता, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रडताना बघता, आणि त्याचा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीतच नाही! का, तर आतल्या खोलीत झोपलेल्या माणसाने एखाद्या रात्री पाणी मागितलं तर. मागतात का हो ते? पत्रात नाही लिहिलंय, आणि मला वाटतं मागत नसणारच, कारण मागत असते तर तुम्ही तेसुद्धा कौतुकाने लिहिलं असतं. बरं ‘इयरफोन घालू नकोस’ असं कुणी सांगितलं असंही पत्रात नाही, म्हणजे हा नियम तुमचा तुम्हीच केलाय आणि वर तो अर्ध्या ओळीत असा लिहून टाकलाय जसं काही दूध उतू गेलं म्हणून सांगताय. माझं मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात तेवढ्याच ओळीपाशी अडलं.

तुमचे हे देवमाणूस असतील, असू देत, मला त्यांच्यावर काही बोलायचं नाही आणि त्यांची आरतीपण करायची नाही. फक्त ते त्यांच्या बातम्या आवाज बंद करून बघत असतील असं मला नाही वाटत.

आता सिंधू. ती नवीन सून चुकली आणि तुम्हीपण चुकलात, तुम्ही जरा जास्त. तिचं सोपं आहे, नाटकात विष सुधाकर स्वतःच घेतो, सिंधूच्या मनात ते कधी येतच नाही, तिने बहुतेक नाटक वाचलेलं नाही, कुणाकडून तरी गोष्ट ऐकली असेल. पण तुम्ही वाचलंय, पदंसुद्धा पाठ असतील, तरी तुम्ही तिला नवऱ्याशेजारी सोफ्यावर नेऊन बसवलंत. अहो, ते नाटक दारूपासून सुरू होत नाही, कोर्टापासून होतं. सुधाकर हुशार वकील, कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ काढून घेतात, तो अपमान त्याला पचत नाही आणि तेवढ्यात तळीराम येतो ‘एकच’ घेऊन. (आजच्या बडोद्यात सुधाकरला आधी परमिट काढावं लागलं असतं, १९६० मध्ये गुजरात झाला तेव्हापासून दारूबंदीच आहे, पण तळीराम हाताशी असल्यावर कशाला काय अडतंय.)

मग मला सांगा, सिंधूला सगळ्यात जास्त काय बघावंसं वाटलं असतं? जिथे ती कधी गेलीच नाही ते कोर्ट. तिथे त्या दिवशी असं काय झालं की सकाळी नीट गेलेला माणूस तसा परत आलाच नाही. आज तिची सोय झाली असती. यूट्यूबवर कोर्टाचं कामकाज लाइव्ह दाखवायला देशात पहिल्यांदा सुरुवात कुठल्या हायकोर्टाने केली, तर आपल्या गुजरातच्या, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये. सिंधूने ते रोज लावलं असतं. आणि तिला दिसलं असतं की वकिलाला जजसाहेब चारचौघांत झापतात, तो सॉरी म्हणतो, कागद गोळा करतो आणि पुढच्या तारखेला परत उभा राहतो. मग तिने सुधाकरला बोलावून तेवढा तुकडा मागे नेऊन दोनदा दाखवला असता. नाटक तिसऱ्या अंकापर्यंत गेलं असतं का, मला शंका आहे.

आणि ती बघणार कधी? दळताना. घरात पैसा उरलेला नाही, माहेरचं घ्यायचं नाही, बाई लोकांचं दळण दळतेय. जात्याशेजारी फोन ठेवलाय आणि आवाज बंद, असं कसं चालेल हो, तिला फुल आवाज लागणार.

तसंही आवाज नसलेली सिंधू ही कल्पना निदान बडोद्याच्या माणसाने तरी करू नये. १९१९ च्या फेब्रुवारीत या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तोच आपल्या बडोद्यात, गडकरी जाऊन तेव्हा जेमतेम महिना झालेला. नाटक करणाऱ्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. पदं गुर्जरांची, सुधाकर गणपतराव बोडस आणि सिंधू बालगंधर्व. नेसायला फाटकं लुगडं, पुढ्यात जातं, पोटात अन्न नाही, आणि ती ‘चंद्र चवथिचा’ म्हणते. लोक तिला ऐकायला जायचे. ती म्यूट करून बघा असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते! एवढं सोसणाऱ्या बाईला गडकऱ्यांनी भाकरी दिली नाही पण गाणं दिलं, आणि तुम्ही घरात सगळं असून हातातल्या फोनचा आवाज बंद करून बसलाय.

तुमच्या कोरियन सीरियल नाटकातल्या कुणी बघितल्या असत्या सांगू? शरदने. सुधाकरची बहीण, लहानपणीच विधवा झालेली, भगीरथवर जीव जडलेला. तिने बघितल्या असत्या, आणि अगदी तुमच्यासारख्याच, सगळे झोपल्यावर, आवाज बंद करून. पण तिच्याकडे कारण होतं, त्या काळच्या विधवेला प्रेमाची गोष्ट उघड बघायची कुठली सोय. तुमच्याकडे काय कारण आहे? पाणी!

म्हणून आता एकच करायचं, ते मी सांगते आणि त्यात फाटे फोडायचे नाहीत. आज रात्री साडेआठला, हे जागे असताना, हॉलमधल्या टीव्हीवर तुमची सीरियल लावायची. जोडता येत नसेल तर शेजारच्या कुठल्याही पोराला हाक मारा, दोन मिनिटांचं काम आहे. आवाज चालू, कोरियनच, हिंदी डबिंग नको. ते विचारतील हे काय लावलंय, तर ‘माझी सीरियल’ एवढंच सांगायचं. पुढे ‘तुम्हाला बातम्या बघायच्या असतील तर’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळायचं. त्यांना आवडली तर बसतील, नाही आवडली तर आत जातील, निर्व्यसनी माणूस आहे, लवकर झोप लागेल. तांब्याभांडं त्यांच्या उशाशी भरून ठेवा, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

ग्रुपमध्ये विषय काढायचा नाही. सिंधूची बाजू घ्यायला तुम्ही जाणार आणि तिथेही हळू आवाजात बोलून परत येणार, मला दिसतंय ते. पुढच्या खेळात मात्र चिठ्ठीची वाट बघू नका, सरळ गीता मागून घ्या, तळीरामची बायको, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. ती काय बघेल ते तुम्हाला तोपर्यंत सुचलेलं असेल.

आणि हो, अर्धी बघून झालेली सीरियल लावू नका, नवीन काढा, पहिल्या भागापासून. हिरोचा आवाज कसा निघाला ते मला कळवा. बारीक निघाला तर मनाला लावून घेऊ नका, तसे बरेच निघतात.