मी उगाच मनाला लावून घेतोय का?

दादरच्या माझ्या समुपदेशन कक्षात येणाऱ्या समलिंगी प्राध्यापकांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे: "मॅडम, मला कोणी शिवी दिली नाही, नोकरीवरून काढले नाही, मग मी उगाच मनाला लावून घेतोय का?" अनिकेत (नाव व तपशील बदलले आहेत) यांचाही तोच प्रश्न होता. मुंबईतील एका महाविद्यालयात ते अकरा वर्षे समाजकार्य शिकवतात.

त्यांच्याविषयी विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही शनिवारचे फील्डवर्क सुपरव्हिजन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष क्षेत्रातील कामावरची देखरेख, वाटून देताना विभागप्रमुख हसत म्हणतात, "सर, तुम्हाला काय, घरी कोण वाट पाहणारं आहे!" मुलुंडच्या घरी गेली नऊ वर्षे त्यांचा जोडीदार वाट पाहत असतो, आणि त्या बाईंना ते माहीत आहे. हे सांगताना अनिकेत मांडीवरच्या स्टीलच्या डब्याची कडी उघडत होते, पुन्हा लावत होते. डबा सकाळी जोडीदारानेच भरून दिला होता.

मुंबईत समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ साली सुरू झाले, आणि माणसाचा आहे तसा स्वीकार करावा हे तत्त्व येथील विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीलाच शिकवले जाते. माझ्या मते याच क्षेत्रात असा भेदभाव बोलून दाखवणे अधिक कठीण जाते, कारण तक्रार केली की सहकाऱ्यांना ती आपल्या साऱ्या कामावरचा आरोप वाटते, आणि तक्रार करणारा स्वतःलाच कृतघ्न समजू लागतो.

समोरच्याच्या मनात काय होते, याचा निवाडा करण्यात अनिकेत यांची झोप उडाली होती. तो नाद सोडून त्यांनी तीन महिने एका वहीत फक्त दोन गोष्टी लिहाव्यात, असे आम्ही ठरवले: काय बोलले गेले, आणि त्यानंतर कोणते काम कोणाकडे गेले. वही भरत गेली तसे ध्यानात आले की लैंगिकतेवरचे व्याख्यान दर वेळी त्यांच्याकडे येते, अभ्यासक्रम समितीत मात्र त्यांना कधी घेतलेले नाही. आणि ग्रामीण शिबिराची जबाबदारी, "मुलांच्या पालकांना चालेल का, बघा" या काळजीपोटी, सलग तीन वर्षे दुसऱ्यांकडे गेली आहे. बढतीच्या अर्जात अशा विस्तारकार्याची नोंद लागते. म्हणजे नुकसान कागदावर दिसत होते, आणि ते मनाचे खेळ नव्हते.

कायद्याविषयी मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलाचा, म्हणजे कोणाविषयी आकर्षण वाटते याचा, उल्लेख केला, पण तो विद्यार्थ्यांसाठी. २०१९ चा कायदा नोकरीतील भेदभावाला मनाई करतो, पण ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत. समलिंगी प्राध्यापकासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून अनिकेत यांनी कोणावरही ठपका न ठेवता प्राचार्यांना एवढेच लेखी विचारले, की शिबिराची जबाबदारी कोणत्या निकषावर दिली जाते. पत्र पाठवण्याआधी त्यांनी ते मला तीनदा वाचून दाखवले.

उत्तर आले नाही. पुढच्या यादीत मात्र जबाबदाऱ्या पाळीपाळीने लावल्या होत्या, आणि जानेवारीच्या शिबिरासमोर त्यांचे नाव होते. शनिवारचे ते वाक्य अजून अधूनमधून ऐकू येते. हल्ली ते शांतपणे उत्तर देतात, "घरी माझा जोडीदार वाट पाहतो, मॅडम." महिन्यातून एकदा ते अजूनही माझ्याकडे येतात.